निकाल आजचा, हिशेब कालचा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यासाठी निवडलेली सहा पत्रे सहा निरनिराळ्या व्यवसायांतून आली आहेत, तरी त्यांतील गाऱ्हाणे बरेचसे एकच आहे. नियम कडक असल्याबद्दल फारसे कोणी कुरकुरत नाही. तो कोणत्या तारखेपासून लागू होणार आणि किती मागे जाणार हे आधी कळत नाही, ही खरी अडचण आहे. उत्तरे देताना मीही तारखांवरच अधिक भर दिला आहे. ही उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. ज्यांचा प्रत्यक्ष वाद चालू आहे, त्यांनी कागदपत्रे घेऊन आपल्या वकिलांकडे किंवा करसल्लागारांकडेच जावे.

प्रश्न : खाणकाम आणि पोलाद क्षेत्रातील दोन कंपन्यांचे समभाग मी दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळून आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे अशा कंपन्यांवर २००५ पासूनच्या कराचा बोजा येऊ शकतो, असे वाचले. आजचा निकाल एकोणीस वर्षे मागे कसा जातो? – एक वाचक, ठाणे

संसद किंवा विधिमंडळ नवा कायदा करते, तेव्हा तो सहसा पुढच्या काळासाठी असतो. न्यायालय, निदान तत्त्वतः, नवा कायदा करत नाही. असलेल्या कायद्याचा अर्थ सांगते. तो अर्थ एकदा सांगितला, की कायद्याचा पहिल्या दिवसापासून तोच अर्थ होता असे धरले जाते. म्हणून निकाल मागे जाणे हाच मूळ नियम आहे, आणि तो केवळ पुढच्या काळापुरता ठेवायचा असेल, तर न्यायालयाला तसे स्पष्टपणे लिहावे लागते. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत प्रथम वापरली, कारण तोवर झालेल्या जमीनसुधारणा उलटवल्या असत्या, तर देशभर गोंधळ माजला असता. पुढेही ती अधूनमधून वापरली गेली, पण तिच्यावर कोणाचाही हक्क नाही.

आपल्या प्रश्नातील वाद मूळचा स्वामित्वधनाचा आहे. खाणपट्टाधारक खनिज काढल्याबद्दल जे स्वामित्वधन देतो, तो कर आहे की कराराचा मोबदला? १९८९ मध्ये इंडिया सिमेंट खटल्यात सात न्यायमूर्तींनी स्वामित्वधन हा कर आहे असे म्हटले आणि राज्यांनी त्यावर बसवलेला उपकर अवैध ठरवला. २००४ मध्ये केसोराम खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एक विलक्षण गोष्ट सांगितली : १९८९ च्या निकालातील ते वाक्य ही लेखनातील चूक असून, 'स्वामित्वधनावरील उपकर हा कर आहे' असे तेथे म्हणायचे होते. पाच जणांच्या पीठाने सात जणांच्या पीठाची अक्षरचूक काढल्यावर पेच वाढणारच होता. २०११ मध्ये प्रकरण नऊ न्यायमूर्तींकडे गेले आणि २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय झाला, की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज-हक्कांवर तसेच खनिजयुक्त जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्नमत नोंदवले.

हा निकाल पुढच्या काळापुरताच ठेवावा अशी विनंती केंद्र सरकार आणि खाण कंपन्यांनी केली होती. १४ ऑगस्ट २०२४ रोजी ती फेटाळण्यात आली, मात्र बोजा हलका करणाऱ्या तीन अटी घालण्यात आल्या : १ एप्रिल २००५ पूर्वीच्या व्यवहारांवर मागणी करता येणार नाही, थकबाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत भरता येईल आणि २५ जुलै २०२४ पूर्वीच्या काळावरील व्याज व दंड माफ असेल. २००४ चा केसोराम निकाल डोळ्यांसमोर ठेवला, तर २००५ ही तारीख मला फारशी अनपेक्षित वाटत नाही. राज्यांना असा अधिकार असू शकतो, ही सूचना उद्योगांना तेव्हाच मिळालेली होती.

गुंतवणूकदार म्हणून आपण पाहावे असे की, निकालाने राज्यांना अधिकार दिला आहे, कर बसवलेला नाही. ज्या राज्याने त्या काळात असा कायदाच केला नव्हता, तेथे मागची मागणी निर्माण होण्याचे कारण नाही. ज्या राज्यांचे कायदे या वादात अडकून पडले होते, तेथे ती उभी राहते. त्यामुळे आपल्या कंपनीच्या खाणी कोणत्या राज्यात आहेत, हे नफ्याच्या आकड्यापेक्षा आधी तपासावे. त्यानंतर वार्षिक अहवालाच्या शेवटी दिलेल्या टिपांतील 'आकस्मिक देयता' हे शीर्षक काढावे. कंपनी वाद लढवत असलेल्या, पण ताळेबंदात खर्च म्हणून न धरलेल्या रकमा तेथे लहान अक्षरांत नोंदलेल्या असतात.

ती पाने किती महाग पडू शकतात, हे दूरसंचार कंपन्यांच्या भागधारकांनी पाहिले आहे. परवाना शुल्क ज्या 'समायोजित सकल महसुला'वर आकारायचे त्यात कोणते उत्पन्न धरायचे, हा वाद दीड दशक चालला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारची व्याख्या मान्य केली आणि मूळ रकमेबरोबर व्याज, दंड आणि दंडावरील व्याजही देय ठरले. त्यानंतर तीन आठवड्यांतच व्होडाफोन आयडियाने एका तिमाहीचा ५० हजार ९२१ कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. २०२० मध्ये न्यायालयाने दहा वर्षांचे हप्ते दिले, २०२१ मध्ये सरकारने व्याख्या बदलली ती पुढच्या काळापुरती, आणि देणी समभागांत रूपांतरित होत होत २०२५ मध्ये त्या कंपनीतील सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. व्याख्या सैल करण्याचा निर्णय पुढे लागू झाला आणि कडक अर्थ लावणारा निकाल मागे गेला, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रश्न : आमच्याकडे खनिज वाहतुकीचे दोन ट्रक होते. २०१४-१५ मध्ये गोवा सरकारने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण केल्यावर कर्ज काढून तिसरा घेतला. २०१८ मध्ये सगळेच थांबले. सरकारनेच दिलेल्या परवानगीवर विसंबून केलेल्या गुंतवणुकीला कायद्याचे काहीच संरक्षण नाही का? – एक वाचक, डिचोली

थोडे मागे जावे लागेल, कारण गोव्यातील खाणपट्ट्यांच्या तारखा इतर राज्यांसारख्या नाहीत. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या कायमस्वरूपी सवलती १९८७ च्या केंद्रीय कायद्याने रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. त्यांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. त्यानंतरही खनिज निघत राहिले, चीनमधील मागणीमुळे ते भरघोस भावाने विकले गेले आणि मांडवी-जुवारीतून बार्जेस अखंड वाहत राहिल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 'गोवा फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल आला, की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सर्व उत्खनन पट्ट्याविना झालेले, म्हणजे बेकायदा आहे. पुढील उत्खननासाठी वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादाही तेव्हाच आली.

यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ते नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात घाईने उरकण्यात आले आणि त्यातील काही थेट १२ जानेवारी २०१५ रोजी झाले. त्याच दिवशी केंद्राने खाणपट्टे लिलावानेच देण्याची सक्ती करणारा वटहुकूम काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ही सर्व नूतनीकरणे रद्द केली. संपलेल्या पट्ट्याचे नूतनीकरण होत नाही, नवा पट्टा द्यावा लागतो आणि त्यासाठी पर्यावरणाची मंजुरीही नव्याने घ्यावी लागते, हे त्यामागचे कारण. आवराआवर करण्यासाठी १५ मार्च २०१८ पर्यंतची मुदत मिळाली. म्हणजे पाच आठवडे.

आता आपला मूळ प्रश्न. सरकारने स्पष्ट आश्वासन दिले, त्यावर विसंबून नागरिकाने पैसा गुंतवला आणि नंतर सरकारने शब्द फिरवला, तर न्यायालय सरकारला त्या शब्दाला बांधू शकते. १९७९ च्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्स खटल्यात उत्तर प्रदेश सरकारने एका वनस्पती तुपाच्या कारखान्याला विक्रीकरात सूट देण्याचे कबूल केले होते आणि ते पाळण्यास सरकारला भाग पाडण्यात आले. परंतु या तत्त्वाला एक भक्कम कुंपण आहे : जे आश्वासन देण्याचा अधिकार कायद्याने सरकारला नाहीच, ते पाळा असे न्यायालय सांगत नाही. गोव्यात नूतनीकरणच कायद्याविरुद्ध ठरले, त्यामुळे हा आधार उरला नाही. शिवाय आश्वासन पट्टाधारकाला होते. ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले आणि धाब्यावाले त्याच पैशावर जगत होते, पण कागदावर त्यांचे नाव कोठेच नव्हते. खटल्यात पक्षकार असलेल्यांची बाजू निदान ऐकली तरी गेली.

निकाल चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. सार्वजनिक संपत्ती लिलावाविना वाटण्याची घाई झाली होती आणि तिची किंमत वसूल करणे आवश्यकच होते. मात्र ती किंमत मोजणाऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे डिचोली, सत्तरी आणि सांगेमधील हप्ते भरणारी माणसे उभी राहिली, याची भरपाई निकालाच्या चौकटीत बसत नाही. ती योजनांतूनच व्हावी लागते. कर्जसवलतीच्या योजना गोव्यात येऊन गेल्या आहेत. आपले कर्ज त्यांपैकी एखाद्या योजनेत बसत होते का, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे. पहिल्या चार खाण ब्लॉकचे लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि डिचोलीच्या ब्लॉकमधील उत्खनन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. नवा ट्रक घेण्यापूर्वी आपण ज्या ब्लॉकसाठी वाहतूक करणार, त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली आहे का आणि त्या मंजुरीला कोठे आव्हान दिले गेले आहे का, या दोन गोष्टी पाहाव्यात. पट्टा मिळाल्याची बातमी पुरेशी नाही, हे २०१५ ने शिकवले आहे.

प्रश्न : डिसेंबर २०२३ मध्ये आखातातील ग्राहकाशी कांद्याचा सौदा ठरला होता, माल चाळीतून निघाला होता आणि एका रात्रीत निर्यातबंदी आली. असा निर्णय आधी सूचना न देता घेता येतो का? ग्राहकाने नुकसानभरपाई मागितली तर काय? – एक वाचक, निफाड

घेता येतो. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे निर्यात रोखण्याचा अधिकार देतो आणि त्यासाठी आगाऊ नोटीस देण्याचे बंधन घालत नाही. सरकारची बाजू अशी, की आठवडाभर आधी सांगितले तर त्या आठवड्यात उरलासुरला माल बंदरावर जाईल आणि बंदीचा हेतूच फसेल. यात तथ्य आहे. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यातकिंमत आणि ८ डिसेंबरपासून थेट बंदी, असे चार महिन्यांत तीन निर्णय झाले. बंदीची ३१ मार्च २०२४ ही जाहीर केलेली मुदत संपण्याआधीच वाढवण्यात आली आणि ४ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान टप्प्याटप्प्याने चालू असताना, ५५० डॉलरची किमान किंमत व ४० टक्के शुल्क ठेवून ती उठवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले. तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे गेले. या तारखा शेजारीशेजारी मांडल्या, की निफाडच्या शेतकऱ्याला कृषी खात्याच्या अंदाजाइतकेच निवडणूक आयोगाचे वेळापत्रकही का वाचावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

तीन बारीक गोष्टी व्यवहारात उपयोगी पडतात. पहिली : अशा अधिसूचनेत वाटेतल्या मालाबद्दल एक परिच्छेद असतो. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत ज्या मालाची जहाजावर चढाई सुरू झाली होती किंवा जो आधीच सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दिला होता, त्याला सवलत होती. चाळीतून निघून रस्त्यावर असलेला माल त्यात बसत नव्हता. दुसरी : विदेश व्यापार धोरणात सर्वसाधारण तरतूद अशी आहे, की बंदीपूर्वी अपरिवर्तनीय पतपत्र (ग्राहकाच्या बँकेने दिलेली पैशाची हमी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट) उघडलेले असेल, तर ठरावीक मुदतीत तेवढी निर्यात पुरी करता येते, पण खाद्यवस्तूंच्या बाबतीत ही तरतूद लागू होणार नाही, असे अनेकदा त्याच अधिसूचनेत लिहिलेले असते. तेवढे एक वाक्य शोधून मगच निश्चिंत व्हावे. तिसरी : निर्यातशुल्काचा दर सौदा ठरला त्या दिवसाचा नसतो, तर सीमाशुल्क अधिकारी माल जहाजावर चढवण्यास परवानगी देतो त्या दिवसाचा असतो. सौदा करताना नफ्याचा हिशेब मांडणाऱ्या अनेकांची येथेच गफलत होते.

भरपाईबद्दल नाफेडचा खटला बोलका आहे. १९८० मध्ये नाफेडने एका परदेशी कंपनीला भुईमुगाचे दाणे पुरवण्याचा करार केला. काही माल गेला. उरलेला पुढच्या हंगामात पाठवण्यास सरकारने परवानगी दिली नाही. ग्राहकाने लंडनमधील लवादातून नुकसानभरपाईचा निवाडा मिळवला. तो भारतात वसूल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे कराराला चाळीस वर्षे झाल्यावर दिला. नाफेडला वाचवणारी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे करारातील कलम : सरकारने निर्यात रोखली तर उरलेला करार रद्द समजावा. आपल्या करारात असे कलम असेल, तर आपली बाजू मजबूत आहे. सौदा केवळ फोनवर किंवा मोबाइलवरील संदेशांत झाला असेल, तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम ५६ चा आधार घेता येतो, परंतु ग्राहक त्याच्या देशात दावा लावू शकतो आणि पुढच्या हंगामात तो पाकिस्तान किंवा इजिप्तकडे वळू शकतो. ते नुकसान कोणतेही न्यायालय भरून देत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत चोवीस माग चालवतो. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा नियम आला तेव्हा आनंद झाला होता. पण व्यापाऱ्याने 'उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर माल उचलणार नाही' असे सांगितले. आमच्यासाठी केलेला नियम आमच्याच अंगावर का आला? – एक वाचक, इचलकरंजी

मुळात ४५ दिवसांचे बंधन नवे नाही. ते २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात पहिल्यापासून आहे : लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातील मुदत, पण ती कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपलीकडे नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. हे सारे सतरा-अठरा वर्षे कागदावरच राहिले, कारण व्याज मागायचे म्हणजे ग्राहक गमवायचा, हे प्रत्येक यंत्रमागधारकाला ठाऊक आहे.

नवे काय झाले, तर २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये एक खंड घातला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येणार नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येईल. समजा, एका व्यापाऱ्याकडे ३१ मार्चला मुदत उलटून गेलेली २० लाखांची देणी आहेत. तेवढी रक्कम त्याच्या उत्पन्नात मिळवली जाईल आणि ३० टक्के दराने सहा लाखांचा कर त्याला त्या वर्षी जादा भरावा लागेल. पुढच्या वर्षी पैसे दिल्यावर वजावट मिळते, म्हणजे हा दंड नव्हे. पण सहा लाख रुपये वर्षभर अडकतात. कापडाच्या व्यापारात साठ-नव्वद दिवसांची उधारी हीच रीत, त्यामुळे २०२४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये घबराट पसरली आणि आपल्यासारख्यांचा माल परत आला.

नियम आपल्या अंगावर आला तो त्याच्या कडेमुळे. तो सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना लागू आहे. मध्यम उद्योगांना नाही, आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी असूनही या तरतुदीचा लाभ नाही. खरेदीदाराला सोपी पळवाट मिळाली : मोठ्या गिरणीकडून घ्या, किंवा मध्ये एक व्यापारी घाला. बाजारातील ताकद ज्याच्या हाती, तो नियमाचा भार दुसरीकडे सरकवतो. कायदा करणाऱ्यांना हे दिसायला हवे होते, आणि दिसले नसेल तर पहिल्याच मार्चमध्ये दिसले.

मात्र नोंदणी रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी गेली की प्राधान्यक्षेत्रातील कर्ज, तारणाविना पतहमी आणि थकबाकीसाठी सुविधा परिषदेकडे जाण्याचा मार्ग, हे सारेच अवघड होते. त्याऐवजी व्यापाऱ्याशी लेखी करार करून ४५ दिवसांची पूर्ण मुदत द्यावी, म्हणजे १५ दिवसांचा धाक राहत नाही. कापड स्वीकारल्याची तारीख चलनावर सहीनिशी घ्यावी, कारण मुदत त्या दिवसापासून मोजतात. खर्चीवाले म्हणून केवळ मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांनीही बिलात उद्यम क्रमांक घालायला विसरू नये.

प्रश्न : एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, दोन हप्त्यांत देण्याचा राज्य सरकारचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. आता कारखाने म्हणतात की एकरकमी देण्याइतके पैसेच नाहीत. खरे कोणाचे? – एक वाचक, शिरोळ

कायद्यापुरते उत्तर सरळ आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा केंद्राचा आदेश असून, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे तो सांगतो. राज्याने २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासननिर्णयाने पहिला हप्ता विभागवार ठरवलेल्या उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) आणि उरलेली रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा कळल्यावर, अशी सोय केली होती. केंद्राच्या आदेशात राज्याला असा बदल करता येत नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी तो शासननिर्णय रद्द केला.

पैशाचे उत्तर तितके सरळ नाही. उसाचा दर केंद्र ठरवते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलमागे ३४० रुपये होता आणि पुढच्या हंगामासाठी ३५५ झाला. साखर महिन्याला किती विकायची याचा कोटाही केंद्रच ठरवते, आणि साखरेची किमान विक्रीकिंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केल्यानंतर एफआरपी वर्षागणिक वाढत असतानाही ती कित्येक वर्षे तेथेच राहिली. इथेनॉलने रोख पैसा लवकर येईल म्हणून कारखान्यांनी कर्जे काढून प्रकल्प उभारले, तर ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, आठवडाभरात ती थोडी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षापुरती उठली. कारखान्यांची ही तक्रार मला रास्त वाटते. तिचा भार चौदा दिवसांच्या मुदतीवर, म्हणजे शेतकऱ्यावर टाकणे मात्र रास्त वाटत नाही. व्याजाची मागणी साखर आयुक्तांकडे लेखी नोंदवावी. तोंडी मागितलेले व्याज आजवर फारसे कोणाला मिळालेले नाही.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयात जिंकल्यावर तरी उद्योगाला निश्चिंत राहता येते का? – एक विद्यार्थिनी, पुणे

व्होडाफोनला विचारावे. २००७ मध्ये तिने केमन बेटांवरील एका कंपनीचे समभाग घेऊन भारतातील हचिसन एस्सारमधील हिस्सा मिळवला आणि विक्रेत्याला पैसे देताना करकपात का केली नाही, म्हणून आयकर खात्याने तिला गाठले. मुंबई उच्च न्यायालयात ती हरली. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. दोन महिन्यांच्या आत मांडलेल्या अर्थसंकल्पात कायदा बदलण्यात आला आणि तो बदल १ एप्रिल १९६२ पासून होताच, असे त्यात लिहिले गेले. संसदेला असे करता येते. निकाल नुसता रद्द समजा, असे ती म्हणू शकत नाही. पण निकाल ज्या कायद्यावर उभा होता, तो कायदाच मागील तारखेपासून बदलून निकालाचा पाया काढून घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यातच मान्य केलेले आहे.

व्होडाफोन मग भारत आणि नेदरलँड्स यांच्यातील गुंतवणूक करारान्वये हेगच्या लवादाकडे गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तेथे जिंकली. डिसेंबरमध्ये केर्न कंपनीनेही अशाच वादात सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा मिळवला आणि वसुलीसाठी परदेशातील भारताच्या मालमत्तांवर दावे लावण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ती तरतूद मागे घेतली आणि जमा केलेला पैसा व्याजाविना परत केला.

या साऱ्यात मला खटकते ते असे, की परदेशी कंपनीकडे दाद मागण्यासाठी एक जादा दार होते. इचलकरंजीच्या मागवाल्याकडे किंवा निफाडच्या निर्यातदाराकडे ते कधीच नव्हते. सरकारने पुढे बहुतेक जुने गुंतवणूक करार संपुष्टात आणले आणि २०१६ च्या नव्या नमुना करारातून करविषयक निर्णय वगळले. त्यामुळे असा वाद पुन्हा उद्भवला, तर नव्याने येणाऱ्या परदेशी कंपनीलाही बहुधा याच देशातील न्यायालयांच्या रांगेत उभे राहावे लागेल.